आधी नीट उभा राहा

मोबाइल खाली ठेव. शीर्षासनाचे फोटो पुरे झाले. ये, माझ्यासमोर ताडासनात उभा राहा.

अरे, याला उभं राहणं म्हणतात? उजवा पाय बाहेर फाकलाय, पोट पुढे, सगळा भार टाचांवर. तुझ्या चपला आण बघू. उजवी टाच एका कडेला पार झिजली आहे. आणि तू 21 जूनला, योग दिनी, बेला गावात लोकांपुढे आसनं करून दाखवणार?

पाय जुळव. बोटं उचल, पसर, मग टेकव. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाचेच्या दोन्ही कडा, चारही ठिकाणी सारखा भार हवा. मांड्या आवळ, गुडघ्याच्या वाट्या वर येऊ देत. गुडघे मागे ढकलू नकोस! माकडहाड आत. आता छाती उचल. बघ, इथेच दरवेळी तुझं चुकतं. छाती उचलायला सांगितली की तू खालच्या फासळ्या पुढे काढतोस आणि कमरेत वाकतोस. छातीचं हाड वर जाऊ दे, कंबर जागच्या जागी राहू दे. खांदे मागे, खाली. कान खांद्यांच्या रेषेत. आणि श्वास कशाला कोंडलास?

योगाचार्य अय्यंगार गुरुजी 1937 साली पुण्यात आले आणि जन्मभर शिकवत राहिले. 1966 च्या ‘लाइट ऑन योगा’ या पुस्तकात पहिलं आसन त्यांनी हेच दिलं. तुला मात्र दोन मिनिटंसुद्धा धीर नाही.

आपल्या आदिलाबादेत एका सतरंजीवर मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारे शेजारी बसतात. तुझं बोलणं सगळ्यांना सारखं कळणार नाही. ते तुझं अंग बघतील आणि तसंच करतील. दिवसभर वाकून सरकी टोबून आलेल्या बायका असतील त्यांत, आधीच कमरेने बेजार. तुझी ही पोकळ कंबर त्यांच्या अंगात उतरली तर जबाबदार कोण? त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना पाय जुळवायला लावू नकोस. वीतभर अंतर ठेवू दे, तोल जायला नको.

जा, त्या भिंतीला टाचा, कुल्ले, पाठ टेकवून उभा राहा. कमरेमागे हात घालून बघ. तळवा जेमतेम सरकला तर ठीक, मूठ गेली तर पुन्हा पायांपासून सुरुवात कर. मी बघितल्याशिवाय हात वर न्यायचे नाहीत, आणि पेरणीच्या दिवसांतही रोज पहाटे यायचं.