खाली बघणारं विमान

ऑक्टोबरात दुसरबीडला आमच्या वावरात सोयाबीनची सुडी मळायला घेतली होती. सिंदखेडराजाच्या बाजूनं ढग चढत होते आणि नेमका तेव्हाच मळणीयंत्राचा पट्टा तुटला. रस्त्यावरच्या मिस्त्रीला फोन केला. तो मोटारसायकलवर आला, डिकीतून दोन पाने आणि हातोडी काढली, झाकण उघडून नवा पट्टा चढवला, बेअरिंग तापलंय का ते हात लावून बघितलं आणि म्हणाला, “घाला काका आता.” वीसेक मिनिटं गेली असतील. पलीकडच्या वावरात एक नवंकोरं यंत्र तीन दिवस उभं होतं. त्याच्या पडद्यावर एक आकडा येत होता आणि तो आकडा वाचणारा माणूस शहरातून यायचा होता. त्या रात्री पाऊस पडला.

लढाऊ विमानांविषयी मी अनेक वर्षं वाचत आलो आहे. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारी, रडारला न दिसणारी विमानं कौतुकाचीच. पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्या, आमच्या मळणीयंत्रासारख्या जागच्या जागी दुरुस्त होणाऱ्या जातीच्या विमानांत. शत्रू आपल्या पायदळापासून चार-पाचशे मीटरवर आलेला असताना जी खाली उतरतात, गोळ्या खातात, परत येतात, ठिगळ लावून दुपारी पुन्हा निघतात, ती ही विमानं. या जातीला गेली पन्नास वर्षं दर थोड्या दिवसांनी कालबाह्य ठरवलं जातं. मला ते पटत नाही.

या कामात वेग आड येतो. ताशी नऊशे किलोमीटरनं जाणारं विमान एक किलोमीटर चार सेकंदांत ओलांडतं. आमच्या शिवारावरून ते तसं गेलं, तर कुठल्या वावरात तूर उभी आहे आणि कुठल्या वावरात माणसं, हे वैमानिकाला कसं कळावं? खाली दोन्ही बाजूंची माणसं मातीच्याच रंगाची. म्हणून पायदळासोबत हवाई दलाचा एक अधिकारी रेडिओ घेऊन बसतो. रस्त्याचं वळण दिसलं का, त्याच्या डावीकडं पडकं घर, त्यामागची झाडी, अशी वाट दाखवत तो वैमानिकाची नजर नेमक्या जागी आणतो. ही वाट समजायला वर वेळ लागतो, आणि तो वेळ देणाऱ्या विमानाला मार सोसावा लागतो. जाड कवच, दुहेरी यंत्रणा, दणकट चाकं हे सगळं त्या वेळेची किंमत म्हणून येतं.

अमेरिकेचं ए-१० याच विचारातून घडलं. १९७२ साली ते पहिल्यांदा उडालं. वैमानिकाभोवती टायटॅनियमची जवळपास साडेपाचशे किलोंची कढई आणि दोन्ही इंजिनं पाठीवर, एकमेकांपासून दूर बसवलेली. चाकं आत घेतली तरी थोडी बाहेर राहतात, म्हणजे ती उघडली नाहीत तरी पोटावर उतरता यावं. एप्रिल २००३मध्ये बगदादवर किम कॅम्पबेल या वैमानिकेच्या ए-१०ला मार बसला आणि विमान वळवणारी हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण गेली. तिनं तारा आणि दांड्यांच्या जोरावर, हाताच्या बळानं ते तळावर आणून उतरवलं. आमचा मिस्त्री ते विमान उघडून बघायला नक्की तयार झाला असता.

आपल्याकडचं उदाहरण नाशिकजवळच्या ओझरचं. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२७ जोडली गेली, एकूण १६५. त्यांचं नाव ‘बहादूर’. खालचं दिसावं म्हणून नाक उतरतं केलेलं, बाजूंना कवच, पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ. ती तोफ अशी की झाडली की विमानाचेच दिवे फुटायचे, पत्रे सैल व्हायचे. हजारो मराठी हातांनी कापलेलं, रिव्हेट मारलेलं हे यंत्र. आम्ही मराठी लोक गडांवर भरभरून लिहितो, ओझरच्या या कामावर फारसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला खंत आहे.

पण बहादूरचं गुणगान करून थांबणं खोटं ठरेल. त्याला इंजिन एकच होतं आणि त्यानं फार त्रास दिला. तेवढ्यासाठी सगळा ताफा जमिनीवर बसवायची वेळ आली. १९९९च्या मे महिन्यात कारगिलला हवाई दल उतरलं. २६ मेला हल्ले सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन हल्ला करताना बंद पडलं, त्यांना उडी घ्यावी लागली आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. २८ मेला एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं, चौघे गेले. त्यानंतर हल्ल्यांची उंची वाढवावी लागली आणि टायगर हिलवर लेझरनं नेम साधणारे बॉम्ब मिराज विमानांनी टाकले.

यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की दणकट, खाली उतरणाऱ्या विमानांचा जमाना संपला. माझा निष्कर्ष वेगळा आहे. सपाट प्रदेशासाठी घडवलेलं यंत्र आपण पंधरा-सोळा हजार फुटांच्या विरळ हवेत नेलं. काळ्या मातीतला नांगर मुरमाड माळावर चालवला तर फाळ तुटणारच. हा धडा घेतलाही गेला. कारगिलनंतर त्या उंचीसाठीच आखलेलं ‘प्रचंड’ हेलिकॉप्टर ऑक्टोबर २०२२मध्ये जोधपूरला हवाई दलात आलं. त्याच जोधपूरला डिसेंबर २०१९मध्ये बहादूरनं शेवटचं उड्डाण केलं होतं.

या विषयावर बोलताना मला राजस्थानातली लोंगेवालाची लढाई आठवते, पण ‘बॉर्डर’ सिनेमात ठसलेल्या हंटर विमानांमुळे नाही. ५ डिसेंबर १९७१च्या सकाळी त्या हंटरना पाकिस्तानी रणगाड्यांवर नेणारं एक चिमुकलं विमान वाळवंटावर घिरट्या घालत होतं. एका पंख्याचं, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास पळणारं, मेजर आत्मासिंग यांचं. ते भारतातच बनलेलं होतं आणि त्याचं नाव होतं ‘कृषक’. शेतकऱ्याच्या नावाचं विमान सगळ्यात हळू उडत होतं आणि सगळ्यात जास्त बघत होतं. हंटरच्या तोफांनी काम केलं, पण वाट दाखवली कृषकनं.

त्याच महिन्यात पूर्वेकडं, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण, पाकिस्तानी फौजेची वाट अडवून बसली होती. आपल्या बाजूचे ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं आणि त्यात विमानांच्या मोठ्या हल्ल्याचा इशारा दिला. पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली आणि चाळीस हल्ले कमी पडतील, आणखी मागवा, असं कळवलं. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडून बाहेर पडायला निघाले तेव्हा मराठ्यांच्या मोर्च्यांनी त्यांना रोखलं. सकाळी शरणागती झाली. आकाशातून बॉम्ब पडले म्हणून लढाई संपत नाही, खंदकातल्या माणसाला ती संपवावी लागते. विमानाचं काम त्या माणसाला तोवर टिकवायचं.

आज खांद्यावरची क्षेपणास्त्रं स्वस्त झाली आहेत. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंची याच जातीची सुखोई-२५ विमानं झाडांच्या शेंड्यांवरून येतात, लांबूनच रॉकेटं फेकतात आणि वळतात. टेहळणीचं पुष्कळ काम ड्रोन करतात. जाड कवचाचं नवं विमान भारतानं बांधावं, असा माझा आग्रह नाही. आग्रह आहे तो एवढाच, की हे काम कुणाचं तरी मुख्य काम असावं. दहा कामं करणाऱ्या विमानाच्या यादीत पायदळाची मदत नेहमी खाली जाते. सरावाचे तास कमी पडले की आधी तीच कापली जाते. अमेरिकेच्या हवाई दलानं ए-१० निवृत्त करायला काढलं की तिथली संसद पुनःपुन्हा आडवी आली, तिच्या मनात हीच भीती होती.

ओझरला बनलेलं पहिलं तेजस लढाऊ विमान ऑक्टोबर २०२५मध्ये उडालं. मला त्याचा फार आनंद झाला. आता त्याच्या वैमानिकानं वर्षातले किती दिवस पायदळाच्या तळावर, रेडिओ घेऊन बसलेल्या त्या अधिकाऱ्याशेजारी काढायचे, हे कुणीतरी ठरवून कागदावर लिहायला हवं.