कोणाचा वेळ, कोणाचे दान

दान कशाचे करावे आणि कशाचे करू नये, याचा आपल्या धर्मशास्त्राने भरपूर कीस पाडला आहे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की, माणसाने द्यावे ते आपल्या मालकीचे, आणि तेही कुटुंबाला बाध येणार नाही इतकेच. बायको आणि मुले तर देण्याच्या वस्तूंत बसतच नाहीत. या स्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने. ते कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तेव्हा हे शास्त्र तुमच्या-आमच्या दुभाषी मुलखातलेच म्हणायचे. पण दानाच्या चर्चेत गाय येते, सोने येते, जमीन येते. वेळ काही माझ्या वाचनात आला नाही.

हा प्रश्न मला पोथीमुळे पडलेला नाही. आमचे हे कणकुंबी भागातल्या एका हायस्कुलात खेळाचे शिक्षक आहेत आणि मुलींचा खो-खोचा संघ तयार करतात. गावात कोणीही भेटले की म्हणते, "वहिनी, सरांनी मुलींसाठी आयुष्य वाहिले हो!" मी हसते. वाहिले खरे. पण ते आयुष्य एकट्या त्यांचे होते का, हे कोणी विचारत नाही.

लोकांना सामना दिसतो. दोन-दोन डाव, शिट्टी, टाळ्या, की संपले. त्यामागचे वर्ष दिसत नाही. आमच्याकडे शालेय स्पर्धा असतात त्या नेमक्या पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला. आधी क्लस्टर, मग तालुका, मग जिल्हा. आणि कणकुंबीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. मलप्रभा इथेच उगम पावते, माउलीच्या देवळाशी. जून लागला की मैदान मैदान राहतच नाही, तांबड्या चिखलाचे खाचर होते. खांब शेवाळतात. मग सराव शाळेच्या व्हरांड्यात: बैठका, वाकून वळणे, जागच्या जागी पळणे. म्हणजे स्पर्धेच्या दिवसांत मैदान नाही आणि मैदान असते तेव्हा स्पर्धा नाही. सपाटीवरच्या शाळांना दोन महिने आधी जागे होऊन चालते. आमच्या मुलींना तो डाव दिवाळीनंतरच सुरू करावा लागतो.

दिवाळीनंतर सुगी. भात कापायला, भारे वाहायला घरोघरी पोरी लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा सरावाचा काळ. पहाटे दव पडलेले असते आणि हे साडेपाचला सायकल काढतात. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मेमध्ये सुट्टी, पण सुट्टी मुलींना नाही, ह्यांना नाही, आणि म्हणून मलाही नाही. माझ्या माहेरची लग्ने मी एकटीने जेवले आहे. दसऱ्याच्या सुट्टीत पुढच्या वर्षी कोण दहावी पार करून जाणार आणि आठवीतून कोण वर येणार, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर चालतो. खो-खोत आठ जणी पाटीवर बसतात आणि एक धावते. आमच्या घरी एक धावतो आणि बाकीचे बसतात. फरक इतकाच की आम्हाला कोणी खो देत नाही.

थोरांची उदाहरणे काढावीत तर तिथेही हीच गाठ. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले, कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगते. पण त्या घरात आणखी कोणी राहत असेल, त्या माणसांना विचारले गेले असेल का, हे माझ्या मनात येतेच. बाईच्या मनात ते आधी येते. आणि गंमत अशी की, विचारले असते तरी बहुधा 'हो' म्हणाले असते. मीही म्हणाले असते. पण 'हो' म्हणायला मिळणे आणि गृहीत धरले जाणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता दुसरी बाजू. माझा वेळ गेला म्हणावे तर मुलींचा काय कमी गेला? पारवाड, चिखले अशा वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुली. सराव लांबला की परतीची वाट रानातून, आणि ते रान गव्यांचे, अस्वलांचे. हे त्यांना पोहोचवून येतात, म्हणून घरी यायला आठ वाजतात. एकदा एका मुलीची आई दारात येऊन म्हणाली, "सर, पोरगी तुमच्याकडं पळतीया, मग माझ्याकडं भात कोण आणणार?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हते. बाराजणींचा संघ, त्यातल्या किती पुढे जातील? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. त्या आठवड्यात आमच्या व्हरांड्यात नुसता उत्साह. पण विश्वचषकाच्या नावाने बाराही जणींचे वर्ष मागणे मला पटत नाही. मागायचेच तर त्यांना आज जे मिळते त्याच्या नावाने मागावे: तालुक्याला जाऊन कानडीत नाव पुकारले तरी न बुजता उभे राहणे, हरल्यावर समोरच्या पोरीचा हात हातात घेणे, आणि घरी 'उद्या मला सराव आहे' असे ठामपणे सांगता येणे. हे शेवटचे मला तरी पंधराव्या वर्षी येत नव्हते.

हा पेच आपलाच आहे असे नाही. जपानात हायस्कुलातल्या बेसबॉलचे वेड इतके की, कोशिएनच्या मैदानावर हरलेली पोरे तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. ती शालेय स्पर्धा १९१५ पासूनची. त्यासाठी संघ वर्षभर राबतात, आणि त्यांच्याबरोबर शिक्षकही, शाळा सुटल्यावर, रविवारी, सणावारी. शेवटी २०१८ मध्ये तिथल्या सरकारला सर्वच शालेय क्रीडामंडळांसाठी सूचना काढाव्या लागल्या: आठवड्यात किमान दोन दिवस विश्रांती, शाळेच्या दिवशी साधारण दोन तास सराव, सुट्टीच्या दिवशी तीन. शिस्तीबद्दल ज्यांचे दाखले आपण पोरांना देतो, त्यांनाही 'पुरे' म्हणायला कागद काढावा लागला! मला तो कागद फार आवडला. त्यात खेळाला नकार नाही. वेळाला मालक आहे, आणि तो एकटा प्रशिक्षक नाही, इतके त्यात मान्य केलेले आहे.

ह्यांचे म्हणणे वेगळे आहे. जपानात इतका पाऊस एका जागी पडतो का, असे ते विचारतात. आठ महिन्यांत बारा महिन्यांचे काम उरकायचे, त्यात दोन दिवस सुट्टी कुठून आणायची? मुद्दा खोटा नाही. ज्याच्याकडे साधन कमी, त्याला ते वेळाने भरून काढावे लागते; मॅट नाही, बंदिस्त सभागृह नाही, म्हणून पहाट मोडायची. गरिबाच्या शाळेत वेळ हेच भांडवल. पण भांडवल कोणाच्या पेटीतून काढले, हे वहीत लिहिलेले असावे, एवढा माझा हट्ट आहे.

यंदा आमच्यात असे ठरले आहे की, सुगीचे पंधरा दिवस सराव बंद, रविवारी शिट्टी खुंटीला, आणि संघ निवडण्याआधी मुलींच्या आयांना शाळेत बोलावून वर्षभराचे वेळापत्रक समोर ठेवायचे. ज्या आईला जमणार नाही तिने तसे सांगावे, तिच्या मुलीला मागच्या दाराने हाक मारायची नाही. हे तयार झाले, जरा कुरकुरत. फक्त जुलैतले रविवार त्यांनी वगळून मागितले आहेत. त्यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.