मूठ गेली, दिवा आला

१९३७ च्या जानेवारीत स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने पाब्लो पिकासोकडे पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी एक भव्य चित्र मागितलं. काही महिने गेले तरी काम पुढे सरकेना. कच्च्या रेखाटनांत होते स्टुडिओतला चित्रकार आणि त्याची मॉडेल. स्पेनमध्ये पेटलेल्या यादवी युद्धाचा मागमूसही नव्हता!

मग २६ एप्रिलला गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले. १ मेला पिकासोने नवी रेखाटनं सुरू केली.

पण विषय सापडला म्हणजे अर्थ सापडला, असं नसतं. सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद कॅनव्हासवर चित्र कसं बदलत गेलं, ते छायाचित्रकार दोरा मार हिने टप्प्याटप्प्याने छायाचित्रांत टिपलं. सुरुवातीला खाली पडलेल्या योद्ध्याचा हात ताठ वर उगारलेला आहे. मूठ आवळलेली, म्हणजे तेव्हाच्या डाव्यांचा सलामच. पुढच्या टप्प्यात त्या मुठीमागे मोठा सूर्य उगवतो. पिकासो इथेच थांबला असता, तर हे एक उत्तम प्रचारचित्र झालं असतं.

तो थांबला नाही. हात पुसला गेला, सूर्य दबून डोळ्यासारखा लांबट झाला, आणि त्यात अखेर विजेचा दिवा आला. चित्रात आधी मान खाली घातलेल्या घोड्याने डोकं वर काढलं. त्याची किंकाळी आता मधोमध आली. मध्येच रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून पाहिले, तेही काढले. उरले काळा, पांढरा, करडा.

योद्ध्याच्या हातात आता मोडकी तलवार आहे. तिच्याजवळ एक लहानसं फूल.