माशाच्या डोळ्यामागची वाट

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, नेत्रविभागाच्या बाकावर, एक प्रश्न मी नात्यातल्या आजोबांसोबत बसून बरेचदा ऐकला आहे. शेजारचा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लख्ख पाहत घरी निघतो आणि काचबिंदूचा रुग्ण विचारतो, ''त्याचं झालं, मंग माहं काऊन नाही होत?''

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं आणि भिंग बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यामागची नसच सुकते. दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणारे 10 ते 12 लाख तंतू तिच्यात असतात. ते गेले की माणसात पुन्हा फुटत नाहीत. उपचारानं उरलेली नजर राखायची, एवढंच हाती राहतं.

माशात ते फुटतात. गोल्डफिशची ही नस कापली तर काही आठवड्यांत तंतू पुन्हा मेंदूपर्यंत पोहोचतात, मासा पाहू लागतो. मला याहून थक्क करतो तो 1963 मधला प्रयोग. कॅलिफोर्नियात डोमेनिका अटार्डी आणि रॉजर स्पेरी यांनी गोल्डफिशची नस कापली आणि अर्धं दृष्टिपटलही काढून टाकलं. मेंदूतली निम्मी जागा आता रिकामी होती. उरलेल्या अर्ध्यातून वाढणारे तंतू तिथे शिरले नाहीत. पडीक वावर ओलांडून शेतकरी धुऱ्यानं स्वतःच्या वावरात जातो, तसे ते पुढे आपल्या मूळ जागी गेले. स्पेरींनी त्याआधी बेडकाचा डोळा उलटा फिरवून बसवला होता. नस जुळली, पण बेडूक वरच्या किड्यासाठी खाली झेप घेत राहिला. सराव करूनही सुधारला नाही. म्हणजे वाट अनुभवानं शिकलेली नव्हती. ती तंतू आणि मेंदू यांच्या रसायनातच ठरलेली होती.

मग आपल्यात अडतं कुठे? 1980 च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या डोळ्याला त्याच्याच पायातल्या नसेचा तुकडा जोडला आणि कापलेले तंतू त्यातून वाढले. वाढण्याची ताकद काही तंतूंत उरलेली होती. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवलं की मेंदूतल्या तंतूंवरच्या वेष्टनातली प्रथिनं वाढ रोखतात. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण अडथळा हटवता येण्यासारखा असतो.

काचबिंदूत मात्र तंतू जिच्यातून निघतो ती पेशीही मरते. आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांत राहणारा झेब्रा फिश इथेही पुढे आहे. दृष्टिपटलाला आधार देणाऱ्या म्युलर पेशींपासून तो नव्या चेतापेशी घडवतो. म्युलर पेशी आपल्याही डोळ्यात आहेत, पण त्या हे काम करत नाहीत. 2017 मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी प्रौढ उंदरात एक जनुक चालू करून, सोबत औषध देऊन, म्युलर पेशींकडून ते करवून घेतलं. मेंदूकडे तंतू धाडणाऱ्या पेशी तेव्हा मिळाल्या नव्हत्या. 2021 मध्ये आणखी एक जनुक जोडल्यावर त्यांच्यासारख्या पेशीही दिसू लागल्या.