प्रभूच्या आगमनाचा दिवस : दोन शंका

शंका : आमच्या गावी आलेल्या एका उपदेशकांनी दानीएल व प्रकटीकरण या पुस्तकांतील आकडे मांडून प्रभू येशूच्या पुनरागमनाचे वर्ष निश्चित सांगितले. तेव्हापासून माझ्या धाकट्या भावाने जमीन विकून पैसा धर्मकार्यास देण्याचे व मुलीची शाळा बंद करण्याचे मनात घेतले आहे. त्यास अडवणे हा अविश्वास ठरेल काय? — एक शेतकरी, नगर जिल्हा

समाधान : बंधुवर, सलाम. आपल्या भावाच्या मनात प्रभूच्या भेटीची जी उत्कंठा जागी झाली आहे तिची कोणी हेटाळणी करू नये, कारण ज्या ख्रिस्ती मनुष्यास ती कधी वाटलीच नाही त्याची श्रद्धा कोठेतरी उणी आहे, असे मी मानतो. परंतु उत्कंठा निराळी आणि तारीख नेमणे निराळे. जैतुनांच्या डोंगरावर शिष्यांनी एकांती हाच प्रश्न केला असता, त्या घटकेचे ज्ञान देवदूतांस नाही, पुत्रासही नाही, एका पित्यासच आहे, असे प्रभूने निःसंदिग्धपणे सांगितले (मत्तय २४:३६). आणि स्वर्गारोहणापूर्वी तो विषय पुन्हा निघाला तेव्हाही तो पित्याच्या अखत्यारीतला म्हणून शिष्यांस त्यापासून परावृत्त केले. जे पुत्राने स्वतःकडे घेतले नाही ते या उपदेशकांकडे कोणत्या सनदेने आले, हे आपण त्यांस नम्रपणे विचारावे.

अशी गणिते पूर्वीही झाली आहेत. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस याने दानीएलाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना पोंत प्रांतातील एका धर्माध्यक्षाची हकीकत नमूद केली आहे. त्याने स्वप्नांच्या आधारे वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येईल असे सांगितले, लोकांनी शेते पडीक टाकली, मालमत्ता विकल्या, आणि वर्ष उलटल्यावर विकणारे भिकेस लागले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यूयॉर्क प्रांतात विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानीएलाच्या आठव्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे तितकीच वर्षे असे धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजणी करून, १८४३ च्या सुमारास प्रभू येईल असे प्रतिपादिले. ती मुदत टळल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला. हजारो लोक वाट पाहत राहिले, कित्येकांनी पिके काढलीच नव्हती, आणि दुसरी सकाळ इतर सकाळींसारखीच उजाडली. मिलर लबाड नव्हता; तो अभ्यासू व प्रामाणिक होता, आणि म्हणूनच त्याचे उदाहरण मला अधिक गंभीर वाटते. हेतू शुद्ध असला म्हणजे मोजणी खरी ठरते असे नाही, आणि अशा निराशेत काही दुबळी मने श्रद्धेलाच मुकतात.

आता पौलाचे आचरण पाहा. प्रभू लवकर येणार अशी त्याच्याएवढी तीव्र अपेक्षा कोणाची असेल? तरीही प्रभूच्या दिवसाच्या वार्तेने अस्थिर झालेल्या थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रातच त्याने काम टाळणाऱ्यांस कडक शब्दांत ताकीद दिली. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी जमवताना रकमेविषयी कोणास संशय येऊ नये म्हणून ती नेण्याच्या कामी विश्वासू माणसे सोबत घेतली. आणि स्पेनपर्यंत जाण्याचा बेतही आखला. जो माणूस आज प्रभू येईल असे मानतो तो आपला हिशेब आज चोख ठेवतो, हा मला त्याच्या चरित्राचा अर्थ दिसतो.

म्हणून आपण भावास अवश्य अडवावे. धर्मकार्यास देणे पुण्याचे आहे, परंतु घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे, असेच तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राचे सांगणे आहे. मुलीचे शिक्षण तोडून दिलेले दान ती मुलगी देते, बाप देत नाही. खरेदीखत करण्यापूर्वी त्यास आपल्या पाळकांकडे घेऊन जा, आणि मुलीस उद्याच शाळेत पाठवा.

शंका : सुमारे दोन हजार वर्षे प्रभू आला नाही. मग पुनरागमन हे रूपक समजून सोडून का देऊ नये? — एक विद्यार्थिनी, मुंबई

समाधान : विलंबाचा आक्षेप पेत्राच्या दुसऱ्या पत्राइतका जुना आहे, आणि तेथेच त्याचे उत्तरही आहे : तो विलंब म्हणजे मनुष्यांनी पश्चात्ताप करावा म्हणून देवाने धरलेला धीर आहे. सहस्र वर्षांच्या राज्यासारख्या वर्णनांचा अर्थ कसा लावावा याविषयी थोरांतही मतभेद आहेत. ऑगस्टिनने तो काळ मंडळीच्या चालू युगासच लावला, आणि अशा बाबतीत आपण स्वतंत्र विचार केलात तर श्रद्धेस बाध येत नाही. परंतु जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास ख्रिस्त येईल, हे इसवी सन ३२५ मध्ये नायसीया येथील परिषदेने मतांगीकारात गोवले, ते मला सोडवत नाही. भुकेला, उघडा, तुरुंगात पडलेला, ज्याची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल झाली नाही, त्याचा कैवार त्या दिवशी स्वतः न्यायाधीश घेणार आहे. हे रूपक म्हणून टाकले, तर त्या माणसास आपण काय सांगणार?

दोघांसही माझी विनंती एकच : मत्तयाचा चोविसावा अध्याय वाचून पुस्तक मिटू नका; पंचविसावाही त्याच बैठकीत वाचा, आणि मग शंका उरल्यास पुन्हा लिहा.