काबागृहाची चावी आणि बगदादची मतपेटी

युद्ध संपले की विजेत्यांच्या मुखी एक आश्वासन हमखास येते: जुलमी सत्ता गेली, आता येथे लोकशाही नांदेल. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हाही हेच सांगण्यात आले आणि दाखला दिला गेला जर्मनी व जपानचा. त्या आश्वासनाची पारख करणे आपले कर्तव्य आहे.

सद्दाम हुसेनची राजवट जुलमी होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८८ मध्ये हलब्जाच्या कुर्द स्त्री-पुरुषांवर व बालकांवर तिने विषारी वायू सोडला. अत्याचारी आपल्या नावाचा आहे म्हणून त्याची पाठराखण करणे इस्लामला मान्य नाही.

परंतु पुढे काय घडले? मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन फर्माने काढली. एकाने बाथ पक्षाच्या वरच्या स्तरांतील सदस्यांना सरकारी सेवेतून दूर केले. त्यात केवळ नोकरीसाठी सदस्यत्व घेतलेले शिक्षकही होते. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेले लाखो पुरुष बेरोजगार आणि अपमानित झाले.

३० जानेवारी २००५ रोजी मतदान झाले. बाँबस्फोटांची भीती असताना लोक रांगेत उभे राहिले. शाई लागलेली त्यांची बोटे जगाने पाहिली. त्यांचे धैर्य खरे होते. पण बहुसंख्य सुन्नी दूर राहिले आणि इतरांची मते मुख्यतः पंथ व वंशानुसार पडली. फेब्रुवारी २००६ मध्ये समर्रा येथील अल-अस्करी दर्ग्याचा घुमट उडवण्यात आला आणि बगदादमध्ये शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. मतपेटी मते मोजते. ‘हरलो तरी माझे घर सुरक्षित राहील’ हा विश्वास ती निर्माण करू शकत नाही.

जपानचा दाखलाही अपुरा आहे. तेथे १८९० पासून संसद होती आणि युद्धानंतरही नागरी प्रशासन बव्हंशी टिकून राहिले. जर्मनीनेही १९१९ ते १९३३ प्रजासत्ताक अनुभवले होते.

आता हिजरी सन ८ मधील मक्का आठवा. ज्यांनी वर्षानुवर्षे छळले, घरदार सोडायला लावले, तेच लोक पराभूत होऊन समोर उभे होते. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मोजके अपवाद वगळता सर्वांना अभय दिले. काबागृहाची चावी हाती आली असता ती पूर्वापार सांभाळणाऱ्या घराण्यातील हजरत उस्मान बिन तलहा (र.) यांनाच परत केली. अमानत हक्कदाराला सुपूर्द करण्याची कुरआनची आज्ञा भाष्यकार याच घटनेशी जोडतात. विजेत्याची खरी परीक्षा पराभूताशी तो कसा वागतो, यात असते. बगदादची चावी मात्र बगदादवासीयांना विचारल्याविना फिरवली गेली.

कोणी म्हणेल, मग मुस्लिम समाज लोकशाहीस पात्रच नाही काय? हा निष्कर्षही तितकाच अन्यायकारक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया आणि बसरा येथील तरुण पंथनिहाय सत्तावाटपाविरुद्ध रस्त्यावर उतरले. शेकडो मारले गेले, तरी पंतप्रधानांना पद सोडावे लागले. न्याय्य शासनाची तहान त्यांची स्वतःची होती. ती कोणत्याही रणगाड्याने आणून दिली नव्हती. कुरआनातील एका सूरहचे नावच ‘शूरा’ आहे. शूरा म्हणजे आपसांतील सल्लामसलत, आणि ती परक्या तोफांच्या छायेत होत नसते.

म्हणून बंधू-भगिनींनो, पुन्हा एखाद्या उद्ध्वस्त देशाबद्दल असे आश्वासन कानी पडले, तर निवडणुकीची तारीख विचारण्याआधी एवढेच विचारा: हरलेल्यांना अभय आहे काय, आणि चावी कोणाच्या हाती आहे? अल्लाह आपल्याला मित्र आणि शत्रू, दोघांच्याही बाबतीत न्यायाने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.