रक्ताची बंधुता आणि पाण्याची बंधुता



एखादा माणूस जबर जखमी होऊन पडला, की त्याच्याभोवती माणसे जमतात. कोणी रक्त देतो, कोणी पैसा देतो, कोणी दवाखान्याच्या ओसरीवर रात्र जागून काढतो. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला, तर त्याच्या पाळीचे सोबती हातातले काम टाकून रक्तपेढीकडे धावतात. त्या वेळी रक्त देणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही आणि रक्त घेणारा तर विचारीतच नाही. मग प्रश्न असा, की हीच बंधुता काय? आणि ही जर बंधुता असेल, तर जखम भरून आल्यावर ती कोठे जाते?

हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, ज्यांनी जुने देव आणि जुन्या रूढी मागे टाकल्या आहेत, आणि त्यापायी ज्यांची भावकीही दुरावली आहे, अशा कुटुंबांच्या दृष्टीने हा रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. उद्या आपल्या घरात आजार शिरला, कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला, तर आपल्या उशाशी कोण बसणार? ही शंका माणसे बोलून दाखवीत नाहीत, पण ती मनात असते. तिचे उत्तर आपणच शोधले पाहिजे.

विचाराला आधार म्हणून खेळाच्या मैदानावर खरोखर घडलेली एक हकिकत घेऊ. १९६२ साली भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला होता. कर्णधार होते नरी कॉन्ट्रॅक्टर; जन्माने पारशी, वय अवघे २८ वर्षांचे. १७ मार्च रोजी ब्रिजटाऊन येथे बार्बाडोसच्या संघाविरुद्ध खेळताना चार्ली ग्रिफिथ या वेगवान गोलंदाजाचा चेंडू त्यांच्या डोक्यावर उजव्या बाजूस आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण घालीत नसत. कवटी फुटली, मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली, अनेक दिवस ते शुद्धीवर नव्हते. मायदेश हजारो मैलांवर, आणि माणूस मरणाच्या दारात.

रक्त हवे होते. ते कोणी दिले? सोलापुरात जन्मलेले पारशी पॉली उम्रीगर यांनी दिले. पुण्याचे मराठी ख्रिस्ती चंदू बोर्डे यांनी दिले. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी दिले. आणि त्यांच्याबरोबर रक्त दिले ते फ्रँक वॉरेल यांनी. हे वॉरेल कोण? ज्या संघाविरुद्ध भारत कसोटी सामने खेळत होता, त्या वेस्ट इंडिजचे ते कर्णधार. वेस्ट इंडिजचे बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असूनही नेतृत्वाचा मान वर्षानुवर्षे गोऱ्यांकडे राहिला होता. संपूर्ण मालिकेचे नेतृत्व मिळालेले वॉरेल हे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकले गेले, त्यांचा हा वंशज परदेशातील एका प्रतिस्पर्ध्याला आपले रक्त देण्यास उभा राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या मालिकेतील पाचही कसोटी सामने वेस्ट इंडिजने जिंकले. रक्त देणाऱ्याने खेळात दया दाखविली नाही, आणि रक्त घेणाऱ्यांनी ती मागितली नाही. कॉन्ट्रॅक्टर यांनीही ग्रिफिथला दोष दिला नाही. प्रेक्षागृहाची एक खिडकी उघडली गेली आणि आपले लक्ष विचलित झाले, असेच ते सांगत आले. पुढे ते पुन्हा मैदानात उतरले, पण कसोटी सामना त्यांच्या वाट्याला परत आला नाही. त्यांच्या कवटीत बसविलेली धातूची पट्टी २०२२ साली, म्हणजे साठ वर्षांनी काढली गेली. वॉरेल मात्र १९६७ साली, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, रक्ताच्याच कर्करोगाने गेले. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९८१ पासून त्यांच्या नावाने रक्तदानाचा दिवस पाळण्यास सुरुवात केली.

किती सुंदर हकिकत आहे ही! परंतु ती ऐकून टाळ्या वाजवून आपण घरी गेलो, तर तिचा अर्धाच अर्थ हाती लागेल. कारण याच खेळाची, याच देशातील दुसरी एक हकिकत आहे.

पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पळवणकर बाळू नावाचे गोलंदाज होते. चर्मकार समाजातील हा माणूस क्लबच्या मैदानाची झाडलोट आणि निगा राखता राखता साहेबांना गोलंदाजी करू लागला आणि त्या काळातील उत्तम गोलंदाजांपैकी एक झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला ते हवे होते, कारण त्यांच्यावाचून जिंकणे कठीण होते. मैदानात सारे एकाच चेंडूला हात लावीत. पण चहाची वेळ झाली, की बाळूंचा चहा बाहेर, आणि तोही वेगळ्या मातीच्या भांड्यात! म्हणजे त्यांनी मिळवून दिलेला विजय चालत होता, त्यांच्या ओठांचा स्पर्श झालेला कप मात्र चालत नव्हता. हेच बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. म्हणून त्यांच्यावर झालेला अन्याय कमी ठरत नाही. जो आपल्या बाजूचा आहे त्याचाच अपमान आपल्याला झोंबत असेल, तर आपणही जातीच्याच मापाने मोजीत आहोत, असे समजावे.

आता या दोन्ही हकिकती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीत रक्त आहे, दुसरीत पाणी आहे. मरणाच्या दारात परक्याचे रक्त चालते. बऱ्या दिवसांत आपल्याच सोबत्याच्या हातचे पाणी चालत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते काय तहान भागविण्यासाठी? पाणी ही रोजची गोष्ट आहे आणि माणुसकीची खरी परीक्षा रोजच्या गोष्टीत होते, हे त्यांना जगाला दाखवायचे होते. रक्ताची बंधुता ही भीतीच्या क्षणी जन्मते. पाण्याची बंधुता विचाराने आणि सवयीने घडवावी लागते.

कोणी म्हणेल, रक्ताला जात नाही हे एकदा विज्ञानाने सिद्ध केले, की माणूस आपोआप सुधारेल. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले. त्यांत ब्राह्मण गट नाही, महार गट नाही, गोरा गट नाही, काळा गट नाही. तरीसुद्धा अमेरिकेत रेड क्रॉसने दुसऱ्या महायुद्धात काळ्यांचे रक्त आणि गोऱ्यांचे रक्त वेगवेगळे ठेवले, आणि ही पद्धत १९५० सालापर्यंत चालू होती! ज्ञान होते, सूक्ष्मदर्शक यंत्र होते. मन मात्र बदलले नव्हते. रक्त स्वतः कोणालाही भाऊ करीत नाही. भाऊ करते ते मन. म्हणूनच तथागतांनी मनाला सर्वांच्या आधीचे स्थान दिले.

तथागतांच्या जीवनातील एक प्रसंग विनयपिटकात नोंदलेला आहे. भगवान आनंदासह भिक्षूंच्या निवासांची पाहणी करीत असता त्यांना एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला दिसला. त्याला अतिसार झाला होता. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे भगवंतांनी विचारले. तो म्हणाला, नाही. का नाही, असे विचारताच त्याने जे उत्तर दिले ते काळजाला भिडणारे आहे: मी इतर भिक्षूंच्या कधी उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

मग त्यांनी संघ जमविला आणि समजावले, की तुम्ही घरदार सोडून आलात. येथे तुमची काळजी घ्यायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही, तर कोण पाहील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल, त्याने आजाऱ्याची सेवा करावी. हा त्यांच्या सांगण्याचा आशय. नवदीक्षित कुटुंबांनो, हे शब्द जणू आपल्यासाठीच आहेत. आपणही एक घर सोडून दुसऱ्या घरात आलो आहोत. आपला विहार म्हणजे केवळ वंदनेची जागा नव्हे; आपले माहेर आणि आपली भावकी आता तेथे आहे.

पण या प्रसंगात त्याहून खोल असे काही आहे. कॉन्ट्रॅक्टर कर्णधार होते, सर्वांचे लाडके होते. त्यांच्याभोवती माणसे जमली हे चांगलेच झाले. पण ज्या भिक्षूचा कोणाला काही उपयोग नव्हता, त्याच्याभोवती कोणी जमले नाही. मैत्रीचा आरंभ देवाणघेवाणीत होतो, हे खरे. त्याने मला काल मदत केली, मी त्याला आज करतो. हा व्यवहार वाईट नाही. परंतु धम्म ज्याला मैत्री म्हणतो ती हिशेबाच्या वहीत मावत नाही. ज्याने आपल्यासाठी काही केले नाही, जो पुढेही काही करू शकणार नाही, त्याच्या अंगावरची घाण धुण्यासाठी जो वाकतो, त्याची मैत्री खरी. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हेच दुखणे दाखविले होते, की या समाजात दया आहे, दान आहे, पण ते जातीत सुरू होते आणि जातीतच संपते.

ज्याच्याभोवती कोणी उभे राहिले नाही, अशा माणसाची आठवण आपल्याला दूर जाऊन शोधावी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा अमानुष खून झाला. खटला चालला. अनेक साक्षीदारांनी साक्ष फिरविली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाला रक्त देण्याची वेळच आली नाही. त्याला हवे होते ते माणसांचे खरे शब्द, आणि तेवढेही त्याला मिळाले नाहीत. मी शिक्षक आहे. वर्गात उपस्थिती घेताना सतरा वर्षांची मुले ‘हजर’ म्हणतात, तेव्हा मनात येते, की या मुलांपैकी एकावर संकट आले तर उरलेली किती जण ‘हजर’ म्हणतील? हे शिकविणे गणितापेक्षा आणि व्याकरणापेक्षा कठीण आहे.

मग आपण काय करावे? प्रथम स्वतःचे घर तपासावे. आज धम्मात निरनिराळ्या समाजांतून कुटुंबे येत आहेत. कोणी मातंग होते, कोणी भटक्या जमातीतून आले, कोणी इतर मागासवर्गीय होते. त्यांच्या घरी आजार आला, तर आपण ‘तो मूळचा कोणता’ असे विचारतो काय? विचारीत असलो, तर आपण दीक्षा घेतली पण जात घरात ठेवून घेतली. आणि आपल्या शेजारचा जो बौद्ध नाही, ज्याने कदाचित काल आपल्याला टाळले, तो आजारी पडला तर? बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात ‘आपल्यापैकी’ हा शब्द नाही.

दुसरे असे, की सेवा ही भावनेवर सोडू नये, तिची व्यवस्था लावावी. भगवंतांनी त्या दिवशी केवळ उपदेश केला नाही, नियम केला. आजारी भिक्षूची शुश्रूषा त्याच्या आचार्याने करावी, शिष्याने करावी, सहनिवाशाने करावी. कोणीच नसेल तर ती जबाबदारी संघाची. शुश्रूषा करणाऱ्याला औषधाची समज असावी, त्याने किळस करू नये, लाभाची आशा धरू नये. आणि आजाऱ्यानेही आपले दुखणे खरे सांगावे, औषध घ्यावे, पथ्य पाळावे. म्हणजे सेवा घेणाराही केवळ लाचार नाही. त्यालाही कर्तव्य आहे, म्हणून त्यालाही मान आहे.

आपल्या विहारात एक वही ठेवता येईल. तीत प्रत्येकाचा रक्तगट लिहावा. कोणाच्या घरी माणूस दवाखान्यात असेल, तर रात्री बसण्याची पाळी लावावी, घरच्या मुलांच्या जेवणाची आणि अभ्यासाची पाळी लावावी. आणि ही पाळी पहिल्या आठ दिवसांत संपू देऊ नये. पहिल्या आठवड्यात दवाखान्याची ओसरी भरलेली असते. सहाव्या महिन्यात कुबड्या घेऊन बसलेल्या माणसाच्या दारात कोणी फिरकत नाही. खरे दुःख तेव्हा सुरू होते, कारण तेव्हा पगार थांबलेला असतो आणि माणसे पांगलेली असतात. रक्त देण्यास अर्धा तास लागतो. सहाव्या महिन्यात त्या दाराशी जाऊन, बसून, त्याच्या घरचा चहा पिऊन येण्यास मैत्री लागते.

रक्ताच्या बंधुतेला मी कमी लेखत नाही. वॉरेल यांनी पुढे केलेला दंड हा माणूस काय होऊ शकतो याचा पुरावा आहे. संकटाच्या क्षणी जातीची भिंत पडते, याचाच अर्थ ती दगडाची नाही. ती मनाची आहे आणि पाडता येते. परंतु प्रत्येक वेळी ती पाडण्यासाठी कोणाचे तरी डोके फुटावे लागत असेल, तर तो समाज आजारीच म्हणावा लागेल. घटनेच्या उद्देशिकेत ‘बंधुता’ हा शब्द बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घातला, तो बऱ्या दिवसांसाठी. ती बंधुता पाण्याच्या माठापाशी, जेवणाच्या पंगतीत, वर्गाच्या बाकावर आणि विहाराच्या सतरंजीवर रोज पाळावयाची आहे. ती पाळली, तर आपल्या उशाशी कोण बसणार ही चिंता कोणत्याही नवदीक्षित घराला करावी लागणार नाही.

जय भीम.